खिशातल्या गोळ्या

॥ श्री ॥

विश्रामबाग, सांगली
सोमवार, दि. ११ ऑगस्ट २०२५

चि. सुहास यास अनेक उत्तम आशीर्वाद.

फोनवर आपले बोलणे नीट होत नाही. तू घाईत असतोस आणि मी आधीच घाबरलेली असते, म्हणून पत्र लिहायला बसले आहे. त्या दिवशीचा वाद पुन्हा उकरायचा नाही असे मी ठरवले होते, पण तो टाळून पुढचे काही सांगताच येत नाही. मुले पळवणाऱ्या टोळीचा तो मेसेज मी आपल्या घरच्या गटात टाकला आणि तू फोन करून म्हणालास, "आई, असल्या मेसेजवर इथली माणसेही विश्वास ठेवतात, आणि मोजणीसाठी त्यांच्या गावात अनोळखी माणूस म्हणून मी फिरतो आहे." एवढे बोलून तू फोन ठेवलास. तेव्हा मला राग आला. राग उतरल्यावर जे उरले, ते अजून उतरलेले नाही.

त्या रात्री मी तो मेसेज उघडून वही तपासावी तसा तपासला. एकतीस वर्षे वह्या तपासल्या आणि नेमके हेच तपासायचे राहिले. "काल दुपारी मिरजेत" अशी सुरुवात आहे, पण तारीख कुठेच नाही. तेव्हा हा मेसेज ज्या दिवशी वाचावा त्या दिवशी त्यातला काल ताजाच राहणार. शाळा "एका नामांकित शाळेत", पोलीस ठाण्याचे नाव नाही, आणि पाहणारी कोण, तर "माझ्या मैत्रिणीची जाऊ". वर दोन बाणांची ती खूण, म्हणजे अनेक हातांतून फिरून आलेला. दुसऱ्या दिवशी नाशिकच्या सुमनताईंनी त्यांच्याकडे आलेला मेसेज दाखवला. शब्द न् शब्द तोच, फक्त मिरजेच्या जागी सिन्नर. मी तो ज्या सात जणींना पाठवला होता त्या प्रत्येकीला फोन करून चूक सांगितली. त्यांतली एक म्हणाली, "काळजी घेतली तर काय बिघडले?" मीही तुला हेच म्हणाले होते.

काय बिघडते ते मला माहीत असायला हवे होते. १ जुलै २०१८ रोजी, आठवडी बाजाराच्या दिवशी, धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना मुले पळवणारे समजून ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले आणि जमावाने मारून टाकले. त्यांतले बहुतेक मंगळवेढ्याकडचे, म्हणजे आपल्या जतच्या शेजारच्या तालुक्यातले. अशी माणसे डौर वाजवत आपल्या दारावर येत आणि तुझी आजी त्यांना सुपाने जोंधळे घालीत असे. राईनपाडा साक्री तालुक्यात आहे, सुहास. तुझ्या नेमणुकीचे पत्र आले तेव्हा "साक्री" हा शब्द मी मोठ्याने वाचून दाखवला, पेढे आणले, आणि मला काही आठवले नाही. आता रोज आठवते. आणि दूरच्या गावांना नावे ठेवावीत असेही नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या लवंग्यात, पंढरपूरच्या वाटेवर असलेल्या उत्तर प्रदेशच्या चार साधूंना गावकऱ्यांनी याच संशयावरून काठ्यांनी बडवले. त्यांनी एका मुलाला रस्ता विचारला होता, एवढेच निमित्त झाले.

राईनपाड्याच्या त्या वर्षी जी चित्रफीत गावोगावी फिरत होती, तिच्यात मोटारसायकलवरचे दोघे रस्त्यावरून मूल उचलून नेताना दिसत. ती मुळात कराचीत, मुलांना सांभाळा हे पालकांना सांगण्यासाठी मुद्दाम तयार केलेली होती; शेवटी ते दोघे मूल परत आणून सोडतात आणि फलक दाखवतात. कोणीतरी तो शेवट कापून टाकला. शेवट नसला की खरे-खोटे कळायला जागाच उरत नाही, हे मी मुलांना गोष्टी शिकवताना सांगत आले आहे. आपल्या सांगलीचा आयर्विन पूल बांधत होते तेव्हा, म्हणजे १९२९ च्या आधी, खांबाखाली पुरायला मुले लागतात म्हणून आजीच्या आईने तिला कित्येक दिवस घराबाहेर सोडले नव्हते. पण त्या वेळी अफवा पायी चालत येत असे आणि ती आणणाऱ्याला "तुला कोणी सांगितले?" असे तोंडावर विचारता येत असे.

आता मुद्द्यावर येते. गेल्या महिन्यात तू जो फोटो पाठवलास, त्यात तीन मुले तुझी मोजणीची पट्टी धरून उभी आहेत आणि तिघांच्याही गालात गोळ्या आहेत. तुझ्या खिशात लिमलेटच्या गोळ्या असतात ही आप्पांची सवय तुझ्यात उतरली, याचे मला किती कौतुक वाटायचे. पण जुलै २०१८ मध्येच बिदर जिल्ह्यात, हैदराबादहून आलेल्या चार-पाच मित्रांनी वाटेत शाळेच्या मुलांना चॉकलेटे दिली, त्यांचा फोटो गावोगावी पुढे गेला, आणि त्यांतला एक इंजिनिअर मुलगा जीवानिशी गेला. वयाने साधारण तुझ्याएवढाच. म्हणून कृपा करून मुलांना काही देऊ नकोस आणि त्यांचे फोटो काढू नकोस. गावात शिरण्यापूर्वी सरपंच, ग्रामसेवक किंवा पोलीस पाटील यांना भेटून कोण, कशासाठी आणि किती दिवस ते सांग. कंपनीचे पत्र ग्रामपंचायतीत देऊन ठेव. ओळखपत्र खिशात न ठेवता गळ्यात घाल. गावातलाच एखादा माणूस बरोबर घे. लोक जमू लागले तर मोटारसायकल पळवू नकोस. पळणारा माणूस चोरच वाटतो. जागच्या जागी ११२ ला फोन लाव आणि बरोबरच्या त्या गावातल्या माणसाला पुढे करून बोल. हे सारे तू करतच असशील. तिशीला आलेल्या मुलाला मी पुन्हा वर्गात बसवते आहे, हे मला कळते, रागावू नकोस.

आज श्रावणी सोमवार, हरिपूरची यात्रा. तू सहा वर्षांचा असताना संगमेश्वराच्या दर्शनाच्या रांगेत माझा हात सुटला आणि तू गर्दीत नाहीसा झालास. पाऊण तास मी घाटावर, रसाच्या गुऱ्हाळापाशी, खेळण्यांच्या पालांमधून वेड्यासारखी हिंडत होते. नदीकडे पाहण्याचे मला धैर्य होत नव्हते. मग समोरून एक फुगेवाला आला. पायात वहाणा नाहीत, दाढी वाढलेली, एका हातात फुग्यांची काठी आणि दुसऱ्या हातात तू, तोंडात बत्तासा. त्याला मराठी नीट येत नव्हते. "रो रहा था," एवढेच तो म्हणाला. मी तुला ओढून घेतले, तुझ्या पाठीत धपाटा घातला, आणि तो माणूस गर्दीत दिसेनासा झाल्यावर मला सुचले की आपण त्याचे नावही विचारले नाही. या आठवड्यात मला सारखे वाटते आहे की त्या दिवशी कोणाच्या हातात माझ्यासारख्या बाईचा मेसेज असता, तर परक्या माणसाने रडणाऱ्या मुलाला खाऊ देऊन हाताला धरून नेलेले पाहून त्याचे काय झाले असते. लिहायचे होते दुसरेच आणि लेखणी हरिपूरला गेली.

जे तुला सांगितलेले नाही ते आता सांगते. गेल्या मंगळवारी सकाळी अकराला मी तुला फोन करून "जेवलास का?" विचारले आणि तू वैतागून "आई, अकरा वाजलेत" म्हणालास. त्याच्या अर्धा तास आधी मला व्हॉट्सॲपवर एक फोन आला होता. फोटो पोलिसी गणवेशातल्या अधिकाऱ्याचा. तुमचा मुलगा मित्रांसोबत एका गंभीर गुन्ह्यात सापडला आहे, बाहेर पत्रकार उभे आहेत, नाव घालवायचे नसेल तर ५० हजार रुपये लगेच पाठवा, फोन ठेवू नका, कोणाला बोलू नका, असे तो हिंदीत म्हणत होता. पाठीमागे कोणीतरी रडत होते. गुन्हा कोणता ते त्याने सांगितलेच नाही. तो माझा मीच भरून घेतला. मला ग्रामपंचायतीची खोली दिसू लागली. बाबा तासगावला गेले होते, आणि भांडणानंतर सहा दिवस तुझा फोन नव्हता.

फोन तसाच हातात धरून मी समोरच्या वहिनींकडे गेले आणि बोलायची बंदी म्हणून त्यांच्या दुधाच्या वहीवर लिहू लागले. सुहासला पोलिसांनी धरले. ५० हजार. तो रडतोय. "मम्मी, मला वाचवा" म्हणाला. हे शेवटचे वाक्य माझ्याच अक्षरात समोर आले, तेव्हा मी थांबले. तू मला जन्मात कधी मम्मी म्हटले नाहीस, आणि आईला अहो-जाहो केले नाहीस. वहिनींनी फोन माझ्या हातातून घेतला आणि बंद केला. क्रमांकाची सुरुवात ९२ ने होती, आपल्याकडच्या ९१ ने नव्हती. तेही तेव्हाच दिसले.

त्या मेसेजमध्ये आणि या फोनमध्ये मला आता एकच हात दिसतो. दोन्हींनी माझे मूल पुढे केले, दोन्हींनी घाई केली, आणि दोन्हींनी मला कोणाला विचारायला अवधी दिला नाही. खरे पोलीस सुटकेसाठी फोनवर पैसे मागत नाहीत, आणि "डिजिटल अरेस्ट", म्हणजे फोनवरून अटक, नावाची कोणतीही गोष्ट कायद्यात नाही, हे पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या "मन की बात"मध्ये सांगितले, ते मी स्वतः ऐकले होते. ऐकलेले त्या वेळी कामाला आले नाही; तुझा फोन येत असता तर ते आले असते. पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या क्रमांकावर कळवायचे असते, तो आकडा मी फोनशेजारी भिंतीवर लिहून ठेवला आहे.

तेव्हा एक ठरवू. पुढे कधी तुझ्या आवाजात कोणी पैसे मागितले, किंवा माझ्या आवाजात तुला, तर हरिपूरला तोंडात काय होते ते विचारायचे. ते या पत्राबाहेर जाऊ देऊ नकोस. आणि कितीही भांडलो तरी संध्याकाळी एक मिनिट फोन करायचा. बोलायचे नसेल तर "पोचलो" एवढे म्हण.

साहेबांनी तुझ्या मोजणीत एका इंचाची चूक निघाली नाही असे लिहिल्याचे तू बाबांना सांगितलेस. बाबांनी ते गणपती पेठेतल्या प्रत्येक दुकानात सांगितले आहे. दाण्याची चटणी आणि मेतकूट पार्सलने पाठवते आहे. पावसात भिजू नकोस.

तुझी,
आई

ता. क. चटणीच्या डब्याखाली ओळखपत्रासाठी नवी दोरी ठेवली आहे, जुनी तुटली म्हणाला होतास. गडद केशरी घेतली, लांबून दिसावी म्हणून. आणि गोळ्या खिशात ठेवू नकोस.