मॉडेलचे रूपांतर: चूक दाखवली नाही म्हणजे चूक नाही?

संपादक महोदय,

स्पाइस हा इलेक्ट्रॉनिक सर्किट संगणकावर चालवून पाहणारा प्रोग्राम, म्हणजे सिम्युलेटर. तो १९७३ मध्ये बर्कलेला तयार झाला. सुट्या भागाचे वर्तन आकड्यांत सांगणाऱ्या ‘मॉडेल’ फाइलींची त्याची डॉट-मॉडेल (एकच भाग), डॉट-सबसर्किटची (अनेक भाग जोडून केलेले छोटे सर्किट) मांडणी आजही बहुतेक व्यावसायिक सिम्युलेटर वाचतात. म्हणून एका सिम्युलेटरसाठीची मॉडेलची फाइल उतरवली, दुसऱ्यात आयात केली, तक्रार आली नाही की काम फत्ते, असे सर्रास धरले जाते. पण अडून बसणारा सिम्युलेटर परवडला. गुपचूप वेगळा अर्थ लावणारा घात करतो.

सगळ्यात महाग पडते ते ‘एम’ हे अक्षर. स्पाइसला लहान-मोठ्या अक्षरांचा भेद नाही. तिथे एम म्हणजे मिली, मेगासाठी ‘एमईजी’ लिहायचे. स्पेक्टर या दुसऱ्या सिम्युलेटरच्या स्वतःच्या भाषेत मात्र मोठा एम म्हणजे मेगा. मोठ्या एमने लिहिलेला ५ मिलिओहमचा ‘आरएस’ (भागाचा मालिका रोध) तिथे ५ मेगाओहम होतो, थेट अब्जपट. ‘एफ’चेही तसेच: स्पाइसमध्ये कपॅसिटरपुढे ‘१एफ’ लिहिले तर मिळतो फेम्टोफॅरड. म्हणून रूपांतर करण्याआधीच सगळे प्रत्यय काढून ५ई-३ असे घातांकात लिहावे. स्पेक्टरमध्ये फाइलच्या माथ्यावर ‘सिम्युलेटर लँग=स्पाइस’ ही ओळ टाकली तरी निभावते.

मॉसफेट या ट्रान्झिस्टरला कोणती समीकरणे लावायची हे सांगणाऱ्या ‘लेव्हल’ आकड्याला सार्वत्रिक अर्थ नाही. बीसिम३ हा मॉसफेटचा एक समीकरणसंच. तेच बीसिम३ मॉडेल पीस्पाइस या सिम्युलेटरमध्ये लेव्हल ७, एलटीस्पाइसमध्ये ८ आणि एचस्पाइसमध्ये ४९. एचस्पाइसला ८ दिले तर तो भलतीच समीकरणे लावतो आणि अनोळखी पॅरामीटर सोडून देतो. लॉग फाइलमधल्या या सूचना कोणी वाचत नाही, आणि तिथेच सगळे लिहिलेले असते.

‘टीनॉम’, म्हणजे मॉडेलचे आकडे ज्या तापमानाचे ते तापमान, बहुतेक फाइलींत नसतोच. तो नसेल तर पीस्पाइस २७ अंश सेल्सिअस धरतो, एचस्पाइस २५. फरक दोनच अंशांचा, पण सिलिकॉन ट्रान्झिस्टरचा ‘आयएस’ (संपृक्तता प्रवाह) दर अंशाला सुमारे १५ टक्क्यांनी बदलतो. २७ अंशांचे मॉडेल २५चे समजून २७ अंशांवर चालवले, तर त्याच व्होल्टेजला प्रवाह तिसऱ्या हिश्श्याहून अधिक वाढलेला दिसतो. टीनॉम हाताने लिहिणे एवढाच उपाय.

अख्ख्या चिपचे वर्तन सबसर्किटमध्ये मांडणाऱ्या मॅक्रोमॉडेलमध्ये गणिती सूत्रे असतात. स्पाइस३ मध्ये ‘^’ म्हणजे घात. एलटीस्पाइसच्या बी-स्रोतात (सूत्राने चालणाऱ्या स्रोतात) ते तार्किक एक्सॉर आहे (दोनपैकी नेमके एकच खरे असेल तर १, नाहीतर ०), घातासाठी ‘**’ लागते. व्होल्टेजचा वर्ग करायला गेलात तर उत्तर शून्य किंवा एक येते, तेही बिनतक्रार.

पिनांचा क्रम सबसर्किटच्या पहिल्या ओळीवरून घ्यावा, पॅकेजच्या चित्रावरून नव्हे. ऑप-ॲम्पच्या (प्रवर्धक चिपच्या) पिनांचा अर्थ बहुधा तारांकित टिपांत (‘*’ने सुरू होणाऱ्या, सिम्युलेटर न वाचणाऱ्या ओळींत) दिलेला असतो. फाइल ‘स्वच्छ’ करताना आधी त्याच उडवल्या जातात!

पडताळणी डेटाशीटशी नंतर करावी. आधी जुना आणि नवा सिम्युलेटर एकमेकांशी ताडून पाहावेत. डायोड असेल तर १ मायक्रोॲम्पिअर ते १०० मिलिॲम्पिअरपर्यंतचा प्रवाह-व्होल्टेज वक्र −४०, २७ आणि १२५ अंशांवर काढावा. धारितेसाठी (कपॅसिटन्ससाठी) उलट बायसवर, म्हणजे डायोडला उलट दिशेचे व्होल्टेज देऊन, १ व्होल्टचा एसी स्रोत १५९.१५५ किलोहर्ट्झला लावावा. मग प्रवाहाच्या काल्पनिक भागाचे जितके मायक्रोॲम्पिअर, तितके पिकोफॅरड. ‘रेलटॉल’, म्हणजे सिम्युलेटर चालवून घेतो ती सापेक्ष चूक, मुळात ०.००१ असतो. समीकरणे तीच असतील तर उत्तरांतला फरक साधारण तेवढ्यातच राहायला हवा. पाच टक्के आले, तर वरीलपैकी काहीतरी सुटले आहे.

सांकेतिक कुलूप लावलेल्या फाइलींपुढे मात्र इलाज नाही. निर्मात्याकडे दुसऱ्या सिम्युलेटरची आवृत्तीच मागावी लागते. निर्मात्यांनी निदान प्रत्येक फाइलच्या माथ्यावर कोणत्या सिम्युलेटरची कोणती आवृत्ती, लेव्हल, टीनॉम आणि पिनांचा क्रम एवढे चार ओळींत छापावे, ही विनंती.

आपला,
एक सर्किट अभियंता