हार्डवेअरच्या काकांना, ब्लास्टरवाल्यांकडून

काका, सप्रेम नमस्कार.

तुम्ही मोबाइलवर फारसं वाचत बसत नाही, त्यामुळे हे पत्र कुणीतरी गिऱ्हाईकच तुम्हाला काउंटरवर वाचून दाखवील. बालनाट्याचा प्रयोग झाला. परग्रहावरच्या सैनिकांच्या हातातले ब्लास्टर, म्हणजे उजेड फेकणाऱ्या खोट्या बंदुका, शेवटच्या प्रवेशापर्यंत शाबूत राहिले, आणि त्यातला एक स्टेजवर दणकन आपटूनही शाबूत राहिला. टाळ्या पोरांच्या, त्यात वाद नाही. पण त्या ब्लास्टरचा सांगाडा मारुती रोडमागच्या तुमच्या दुकानात जमला, हे सांगलीत चार लोकांना कळायला हवं.

तुमच्याकडे येण्याआधी बाजारात काय काय ऐकलं, तेही सांगतोच. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी ज्या गावात मराठी नाटक उभं केलं, त्या गावात भाड्याने गदा मिळते, धनुष्य मिळतं, मावळ्यांच्या ढाली-तलवारी हव्या तेवढ्या मिळतात. परग्रहावरचं हत्यार मागितलं की रंगपंचमीची पिचकारी चंदेरी रंग मारून पुढे येते, वर डिपॉझिट वेगळं. एका दुकानात "मोटर किती एचपीची?" म्हणून विचारलं आणि नाटकासाठी पाहिजे म्हटल्यावर मान पुन्हा मोबाइलमध्ये गेली. दुसऱ्याने जीआयच्या, म्हणजे लोखंडी पाइप जोडायच्या, निपल आणि टीच्या आकाराच्या टी हातावर ठेवल्या. दिसायला झकास, पण ते लोखंड हातात धरून दहा वर्षांचं पोर किती वेळ नेम धरणार? तिसरीकडे पाइप कापून मिळेना. घ्यायचा तर अख्खा दहा फुटांचा घ्या. एका ब्लास्टरला दीड इंची पाइप लागतो वीतभर आणि पाऊण इंची जेमतेम तेवढाच.

तुमचा पहिला प्रश्न होता, "धरणार कोण? केवढं पोर आहे?" नाटकाची प्रॉपर्टी, म्हणजे स्टेजवर वापरायच्या वस्तू, बनवणाऱ्याने खरं तर हाच प्रश्न आधी विचारायचा असतो. मग तुम्ही काउंटरखालून उरल्यासुरल्या तुकड्यांचा डबा काढलात आणि सगळं सुकंच, चिकटवायचं सोल्युशन न लावता, जोडून बघायला दिलंत. काय घेणार, किती घेणार, हे विचारायच्या आधी.

आभार मानायचे आहेत ते मात्र पेन्सिलीच्या रेघेसाठी. सुकी जुळणी झाल्यावर तुम्ही कानावरची पेन्सिल काढलीत आणि प्रत्येक सांध्यावर, पाइपवरून फिटिंगवर, म्हणजे जोडतुकड्यावर, जाईल अशी एक आडवी रेघ ओढलीत. पैसे नाहीत, भाषण नाही. फक्त म्हणालात, "सोल्युशन लागलं की ते तुमचं ऐकणार नाही."

ज्याने हे काम केलंय त्यालाच त्या रेघेची किंमत कळेल. सीपीव्हीसीचं, म्हणजे या प्लास्टिकच्या पाइपांचं, सोल्युशन म्हणजे गोंद नव्हे. ते दोन्हीकडचं प्लास्टिक मऊ करून एकमेकांत मिसळवतं, आणि काही सेकंदांत सांधा पकडतो. पाइप घालताना पाव फिरकी द्यायची असते, म्हणजे सोल्युशन सगळीकडे सारखं पसरतं. ती फिरकी नेमकी कुठे थांबवायची हे रेघ सांगते. नाहीतर नळी सरळ राहते आणि टी दोन बोटं वाकडा बसतो. मग कापून टाकण्याशिवाय इलाज नाही. दुसरी गोम अशी की फिटिंगचं तोंड आत निमुळतं असतं. सुका पाइप अर्ध्यावरच अडतो, सोल्युशन लावल्यावर तळापर्यंत जातो. सुकं जोडून मापं घेतली तर चिकटवल्यावर अख्खा ब्लास्टर आखूड होतो. तुम्ही फिटिंगची खोली मोजून पाइपभोवती दुसरी गोल रेघही मारलीत, ती यासाठी. दाबून तीसेक सेकंद धरायचं, कारण सोडलं की पाइप मागे सरकतो.

ब्लास्टरचं धड दीड इंचीचं घ्या, हाही तुमचाच हट्ट. एक इंची दिसायला नाजूक आणि बरं वाटतं, पण आतल्या दिव्यासाठीची ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत जवळजवळ ३२ मिलिमीटर भरते. एक इंचीत ती शिरतच नाही, दीड इंचीत आरामात बसते. पुढे जाड पाइपला बारीक पाइप जोडणारा दीड बाय पाऊणचा रिड्यूसर, त्यात पाऊण इंची नळी, नळीच्या टोकाला नळाची जुनी जाळी. मागची एंड कॅप चिकटवायची नाही. आतून पॉलिश पेपरने घासून सैल करायची आणि एका बारीक स्क्रूने धरायची, म्हणजे बॅटरी बदलता येते. लाल एलईडीला ३९० ओहमचा रेझिस्टर लावला की करंट १८ मिलिअँपिअरच्या आसपास राहतो. रेझिस्टर न लावता बॅटरी थेट जोडली तर एलईडी जळतोच. एलईडीचा गोल माथा पॉलिश पेपरने घासून धुरकट केला तर उजेड पसरतो. नाहीतर तो फक्त समोरच्या रांगेला दिसतो.

मुठीसाठी तुम्ही टी लावू दिला नाहीत. बरोबरच होतं. टी काटकोनात उतरतो आणि मनगट मुडपतं. मूठ थोडी मागे कलती, नळीशी १०५ अंशांच्या आसपास हवी. सुताराकडचा लाकडाचा तुकडा, आणि तो पाइपला खालून जोडायची तुमची युक्ती: पाइपच्या खालच्या अंगाला ४ मिलिमीटरचं भोक, बरोबर त्याच्या वर ८ मिलिमीटरचं, म्हणजे स्क्रू आणि स्क्रूड्रायव्हर वरून आत जातात. वरची भोकं ब्लास्टरवर बसणाऱ्या दुर्बिणीखाली झाकली जातात. लाकडात आधी बारीक भोक पाडायचं, नाहीतर फाटतं. गोल पाइप सपाट लाकडावर डुगडुगतो, ती फट एम-सीलने भरायची. दुर्बीण म्हणजे एक इंची पाइपचा तुकडा, दोन टोकांना दोन कपलर, खाली पाइपच्या दोन क्लॅम्प. मधल्या भागावर होज क्लिपा. बस्स. सातव्या रांगेतून बारकावे दिसत नाहीत, आकार दिसतो. तीन वेगवेगळ्या जाडीच्या नळ्या एकापुढे एक आल्या की डोळ्याला यंत्र वाटतं.

रंगाच्या बाबतीत बाजाराने आणखी एक सल्ला दिला होता: थर्माकोलवर स्प्रे मारा, स्वस्तात होईल. स्प्रेमधलं थिनर थर्माकोल खातं, हे सांगणाऱ्याला माहीत नसावं, किंवा माहीत असून डबा खपवायचा असावा. पाइपवर आधी २२० नंबरच्या पेपरने चकाकी आणि छापील अक्षरं घालवायची, नाहीतर रंग सालीसारखा निघतो. मग राखाडी प्रायमर, मग मॅट काळा, वीतभर लांबून, पातळ, दोन-तीन हात. चकचकीत काळा नको, स्टेजच्या लाइटमध्ये आकारच हरवतो. शेवटी कोरड्या ब्रशला नावापुरती चांदी घेऊन फक्त कडांवरून फिरवायची, म्हणजे झिजलेलं लोखंड दिसतं. पावसाळी हवेत स्प्रे मारू नये. ओल धरून रंगावर पांढुरका साका येतो. नळीचं तोंड भडक केशरी ठेवलं आणि येता-जाता पिशवीतच ठेवले, कारण रिक्षात बसलेल्या माणसाला ते नाटकातलं आहे हे कसं कळणार?

हॉलिवूडवाल्यांनीही हेच केलंय, काका. १९७७ च्या 'स्टार वॉर्स'मधल्या नायकाच्या, ल्यूकच्या, प्रकाशाच्या तलवारीची मूठ जुन्या ग्राफ्लेक्स कॅमेऱ्याच्या फ्लॅशची दांडी होती. तिथेही कुणीतरी दुकानदाराने खोका उघडून दिलाच असणार.

गावात हुशार माणसं पुष्कळ आहेत. समोरच्याचं काम आपल्या धंद्याच्या मापाने न मोजणारी कमी. गिऱ्हाईक शंभराचं आहे की लाखाचं, हे न बघता त्याची अडचण ऐकून घ्यायला अक्कल लागते तशीच सवडही लागते, आणि सीझनच्या दिवसांत, दारात प्लंबर खोळंबलेले असताना, ती तुम्ही काढलीत. प्लंबरांचेही आभार. त्यातल्या एकाने थांबल्या-थांबल्या पाइपच्या कापलेल्या कडा चाकूने तासून दिल्या. कडेचा कचरा राहिला तर तो सोल्युशन पुढे ढकलतो आणि सांधा कोरडा राहतो, हे त्याने सांगितल्यावर कळलं.

पुढच्या प्रयोगाचे पास घेऊन कुणीतरी दुकानात येईल. दोन तुमचे, एक त्या प्लंबरदादांचा. आणि एक काम आहे: नव्या नाटकात रोबोट आहे, त्याच्या कोपरासाठी एक इंची पंचेचाळीसचे आठ एल्बो लागतील. तुकड्यांच्या डब्यात असतील तर बाजूला काढून ठेवा.

आपले,
बालनाट्याचे प्रॉपर्टीवाले, सांगली