नगरपरिषदेत विभाग अनेक, टेबल एकच : नगरविकास मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : नगरपरिषदांमधील अतिरिक्त कार्यभार आणि आकृतिबंधाची (मंजूर पदांच्या आराखड्याची) फेररचना.

महोदय,

सविनय नमस्कार.

डिसेंबर 2025 मधील निवडणुकांमुळे राज्यातील नगरपरिषदांमधली प्रदीर्घ प्रशासकीय राजवट संपली आणि तिथे पुन्हा लोकनियुक्त नगराध्यक्ष व नगरसेवक आले. ही मंडळी ज्या यंत्रणेकडून काम करून घेणार आहेत, तिच्यात प्रत्यक्षात किती माणसे उरली आहेत आणि त्यांच्यात कामाची वाटणी कशी झाली आहे, हा विषय मात्र प्रचारात जवळपास कुठेच निघाला नाही. तो आपल्यासमोर ठेवावा, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

कागदावरची रचना सुबक आहे. 1965 च्या नगरपरिषद अधिनियमानुसार प्रशासनाचा प्रमुख शासनाने नेमलेला मुख्याधिकारी असतो आणि त्याच्या हाताखाली बांधकाम, पाणीपुरवठा, स्वच्छता, कर, लेखा, नगररचना, अग्निशमन, आस्थापना असे विभाग असतात. पण अनेक ठिकाणी, विशेषतः ‘क’ वर्ग, म्हणजे सर्वांत लहान, नगरपरिषदांमध्ये आणि नगरपंचायतींमध्ये, या विभागांमागची माणसे शोधू लागले की तीच ती नावे पुन्हा पुन्हा पुढे येतात. बांधकामाचा अभियंता पाणीपुरवठाही पाहतो आणि नगररचना सहायकाची जागा रिकामी असेल तर बांधकाम परवानगीच्या नस्त्याही त्याच्याच टेबलावर येतात. कर निरीक्षकाकडे आस्थापना आणि निवडणुकीचे काम असते. कधी कधी खुद्द मुख्याधिकाऱ्याकडेच शेजारच्या नगरपंचायतीचा कार्यभार असतो आणि आठवड्यातले ठरावीक दिवसच तो उपलब्ध असतो. सभेत बांधकाम समितीचे सभापती वेगळे आणि पाणीपुरवठा समितीचे वेगळे, पण दोघांसमोर टिपणी वाचून दाखवणारा अधिकारी एकच, हे दृश्य नगरपरिषदेत वावरणाऱ्या कोणालाही नवे नाही.

यात कामाला उशीर होतो, ही तक्रार सगळेच करतात. माझा मुख्य आक्षेप त्याहून गंभीर आहे. विभाग वेगळे ठेवण्याचा मूळ हेतू कामाच्या विभागणीइतकाच परस्पर तपासणीचा असतो. एखाद्या गटाराचे किंवा रस्त्याचे काम झाले की कनिष्ठ अभियंता जागेवर जाऊन मापे घेतो आणि मोजमाप पुस्तिकेत नोंदवतो, वरिष्ठ अभियंता त्यातली काही मापे स्वतः पडताळतो, लेखापाल अंदाजपत्रक, निविदेचा दर आणि कपाती पाहून देयक पुढे पाठवतो, अंतर्गत लेखापरीक्षक त्यावर नजर टाकतो आणि मग मुख्याधिकाऱ्याची सही होते. पाच टेबलांचा हा प्रवास कंटाळवाणा वाटतो खरा, पण जनतेच्या पैशाचे रक्षण त्या कंटाळवाण्या प्रवासातच होते. मापे घेणारा आणि ती पडताळणारा एकच झाला, लेखापालाकडेच लेखापरीक्षकाचा कार्यभार गेला, की पाच सह्यांच्या जागी सह्या पाचच राहतात आणि तपासणी मात्र उरत नाही. मग कुणाची नियत वाईट असण्याचीही गरज नसते. स्वतःच्या हातची चूक स्वतःलाच दिसत नाही. पुढे स्थानिक निधी लेखापरीक्षेचे पथक येऊन आक्षेप नोंदवते, तोवर देयक अदा झालेले असते, अभियंत्याची बदली झालेली असते आणि ठेकेदाराची अनामत रक्कमही परत गेलेली असते.

पाणीपुरवठ्यात या रचनेचे दुसरे रूप दिसते. जुन्या शहरांमध्ये जलवाहिन्यांचे अद्ययावत नकाशे क्वचितच आढळतात. कोणत्या गल्लीत कोणता व्हॉल्व्ह किती आटे फिरवायचा, कोणती जुनी लाइन बंद केल्याचे कागदावर असूनही प्रत्यक्षात चालू आहे, हे फक्त वॉलमनला ठाऊक असते. तो निवृत्त झाला आणि त्याच्या जागी ठेकेदाराचा नवा मुलगा आला, की नव्या काँक्रीट रस्त्याखाली गळती शोधण्यासाठी तीन ठिकाणी खोदाई होते. बदलून आलेल्या अभियंत्याला शहर समजायला वेळ लागतो आणि समजेपर्यंत पुढच्या बदलीचा आदेश येतो. राज्यस्तरीय संवर्ग, म्हणजे राज्यभर बदली होऊ शकणाऱ्या नगरपरिषद अधिकाऱ्यांचा गट, निर्माण झाल्यामुळे परीक्षेतून निवडलेले, तांत्रिक पात्रता असलेले तरुण अधिकारी नगरपरिषदांना मिळू लागले आणि स्थानिक वशिल्याला काही प्रमाणात लगाम बसला, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. तो संवर्ग मोडावा असे माझे म्हणणे नाही. पण शहराची माहिती धरून ठेवणारा स्थानिक कर्मचारीवर्ग आटत गेला आणि त्याच्या डोक्यातली माहिती कागदावर उतरवण्याची जबाबदारी कोणावरच टाकली गेली नाही, ही उणीव संवर्गाने भरून निघालेली नाही.

पदे का भरली जात नाहीत, या प्रश्नाला आस्थापना खर्चाच्या, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या वेतन-भत्त्यांवरील खर्चाच्या, मर्यादेचे उत्तर ठरलेले असते. खर्चाला मर्यादा हवीच, त्याबद्दल वाद नाही. परंतु ज्या नगरपरिषदेकडे वसुली लिपिक नाहीत, तिची मालमत्ता कराची वसुली घसरते. चार वर्षांनी होणारी फेरआकारणी लांबते, नव्या इमारती आकारणीबाहेर राहतात. उत्पन्न घटले की मर्यादा आणखी आवळली जाते आणि वसुलीची माणसे घेण्याची परवानगी त्याच कारणाने नाकारली जाते. 1999 मध्ये नगरपरिषदांची जकात गेली, तेव्हापासून वेतनासाठी त्यांना शासनाच्या सहायक अनुदानाकडे डोळे लावून बसावे लागते. अशा स्थितीत पद निर्माण करण्याचा धीर कोणत्या मुख्याधिकाऱ्याला होणार? त्याऐवजी ठेका दिला जातो. सफाई, पाणी सोडणे, संगणकावरील नोंदी, वाहनचालक, सगळे ठेक्यावर, कारण ठेक्याचा खर्च आस्थापनेच्या शीर्षाखाली दिसत नाही. खर्च होतोच, फक्त रकाना बदलतो. ठेकेदाराने ठरलेली माणसे खरोखर कामावर आणली का आणि त्यांचा भविष्यनिर्वाह निधी भरला का, हे तपासायचे कोणी? मूळ मालक म्हणून कायद्याची जबाबदारी नगरपरिषदेवरच राहते आणि तपासणी करणाऱ्या स्वच्छता निरीक्षकाकडे आणखी दोन कार्यभार असतात.

आकृतिबंध ठरवताना लोकसंख्येवर आधारलेल्या वर्गालाच मुख्य आधार मानण्याची पद्धतही आता तपासली पाहिजे. एक लाखावर ‘अ’, चाळीस हजार ते एक लाख ‘ब’ आणि त्याखाली ‘क’, ही विभागणी 2011 च्या जनगणनेच्या आकड्यांवर चालते. गेल्या पंधरा वर्षांत कित्येक शहरांच्या हद्दी वाढल्या आणि आजूबाजूची गावे त्यांत आली. तीर्थक्षेत्राच्या शहरात यात्रेच्या दिवसांत कचरा आणि पाणी यांचा भार मूळ लोकसंख्येच्या कितीतरी पट होतो. मिळकतींची संख्या, जलवाहिन्यांची लांबी, रोजचा कचरा, वर्षभरातील बांधकाम परवानग्या ही मोजता येणारी कामे आहेत आणि त्यांची आकडेवारी नगरपरिषदेकडेच असते. पदसंख्या त्यावरून ठरावी.

ही फेररचना एका दिवसात होणार नाही, याची मला कल्पना आहे. काही गोष्टी मात्र शासन निर्णयाने लगेच होऊ शकतात. लेखा आणि लेखापरीक्षण, तसेच मोजमाप आणि त्याची पडताळणी, हे कार्यभार एकाच व्यक्तीकडे देण्यास स्पष्ट मनाई करावी. माणूस नसेल तर जिल्हाधिकारी कार्यालयातील नगर प्रशासन शाखेने जवळच्या नगरपरिषदेतील अधिकाऱ्याकडून ती तपासणी करून घ्यावी. कोणत्याही अतिरिक्त कार्यभाराला मुदत असावी आणि ती संपल्यावर मुदतवाढीचे कारण लेखी नोंदवावे. निवृत्त होणाऱ्या वॉलमनकडून शेवटच्या सहा महिन्यांत जलवाहिन्यांचा नकाशा अद्ययावत करून घ्यावा. यासाठी फार पैसा लागत नाही.

शेवटची मागणी माहितीची आहे. माहिती अधिकार अधिनियम, 2005 च्या कलम 4 प्रमाणे प्रत्येक कार्यालयाने आपली रचना, अधिकाऱ्यांचे अधिकार व कर्तव्ये स्वतःहून प्रसिद्ध करायची असतात. बहुतेक नगरपरिषदांचे हे तक्ते मंजूर पदांचे असतात, हजर माणसांचे नसतात. प्रत्येक विभागासमोर मंजूर पदे, भरलेली पदे, प्रभारी अधिकाऱ्याचे नाव आणि त्याच्याकडचे इतर कार्यभार असा तक्ता कार्यालयाच्या दर्शनी भागात लावण्याचे आणि दर महिन्याला अद्ययावत करण्याचे आदेश आपण द्यावेत. लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 खाली ज्याच्याकडे अपील करायचे, तो प्रथम अपिलीय अधिकारीच मूळ अर्ज निकाली काढणाऱ्या पदाचाही प्रभारी आहे का, हे मग अर्जदाराला दारातच कळेल.

या मागण्यांवर आपल्या विभागाची भूमिका जाहीर व्हावी, ही विनंती.

कळावे,
आपला विश्वासू,
एक करदाता नागरिक