तक्रार: तेहतीस पॅलेटांचं बुकिंग, पंचवीस पॅलेटांचा कंटेनर

डब्लिन, १७ नोव्हेंबर २०२५

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

विषय: रॉटरडॅम ते डब्लिन कंटेनर – परस्पर बदललेला कंटेनर, परस्पर बदललेला मार्ग, भिजलेला माल आणि त्यावर आकारलेलं डेमरेज (कंटेनर बंदरात पडून राहिल्याचं भाडं)

महोदय,

पत्र मराठीत आहे याचं नवल वाटू देऊ नका. तुमच्या रॉटरडॅमच्या नंबरावर फोन लावला तरी तो नवी मुंबईतच उचलला जातो, आणि तिथल्या मॅडमच मला म्हणाल्या, "सर, तुम्ही मराठीत लिहा, वर पाठवायचं आम्ही बघतो." इंग्रजीत मी तीन ईमेल पाठवून झाले. तिन्हींच्या उत्तरांची सुरुवात गैरसोयीबद्दलच्या खेदाने झाली, तीही शब्दन् शब्द तीच, आणि पुढे जबाबदारी माझ्यावरच. म्हणून आता मराठीत, आणि जरा सविस्तर.

माझा डब्लिनमध्ये भारतीय किराण्याचा घाऊक धंदा आहे. भारतातून थेट माल आणण्याएवढा मी मोठा नाही. रॉटरडॅमच्या आयातदाराकडून पोहे, रवा, साबुदाणा, पापड, तीळ असं घेतो आणि इथल्या दुकानांना पुरवतो. ड्युटी तिथेच भरलेली असते. भारतीय तिळाची इथिलीन ऑक्साइडसाठी (कीड-जंतू मारायला वापरतात त्या वायूसाठी) जी तपासणी होते, तीही तिथेच उरकलेली असते. पूर्वी हाच माल ट्रकने कॅले-डोव्हर, मग वेल्समधलं होलीहेड आणि तिथून फेरीने डब्लिन असा यायचा. २०२१ च्या जानेवारीपासून ब्रिटन युरोपीय संघाच्या बाहेरचा देश झाला आणि त्या वाटेवर कागदांचा ढीग लागला. तेव्हा माझ्यासारख्या अनेकांनी थेट समुद्राची वाट धरली. वाटेत ब्रिटन नको, एवढ्या एकाच कारणासाठी मी तुमच्या वाहतूक कंपनीकडे आलो. हे वाक्य कृपया अधोरेखित करून ठेवा, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

८ सप्टेंबरला तुमचं कोटेशन आलं आणि मी ते त्याच दिवशी मान्य केलं. त्यात तीन गोष्टी स्पष्ट लिहिल्या आहेत: ४५ फुटी पॅलेट-वाइड कंटेनर, ३३ युरो पॅलेट (माल रचायच्या लाकडी चौकटी), थेट सेलिंग (मधे दुसरीकडे न वळणारी जहाजाची फेरी). रॉटरडॅमहून निघालेलं जहाज दोन-तीन दिवसांत डब्लिनला लागतं. २४ तारखेला कंटेनर भरायचा, २८ ला माल डब्लिनच्या बंदरात, आणि १७ ऑक्टोबरच्या वसुबारसेच्या आत सगळ्या दुकानांत. मी तर पंधरवड्याहून जास्त दिवस हातात ठेवले होते.

२४ सप्टेंबरला सकाळी सात वाजता रॉटरडॅमच्या गोदामातून फोरमनचा फोन आला. म्हणाला, "कंटेनर आखूड आलाय." मी नवी मुंबईला फोन लावला. तुमच्या मुलाने सिस्टीममध्ये बघून सांगितलं, "सर, कंटेनर बरोबर आहे, त्याच्यावर ४५ लिहिलंय." मी फोरमनला फोटो पाठवायला लावला. दारावर खरंच लिहिलं होतं: ४५जी१.

आता हे मी, एका किराणा व्यापाऱ्याने, तुम्हाला समजावून सांगावं हीच मोठी गंमत आहे. त्या कोडातला पहिला अंक लांबीचा, दुसरा उंचीचा. ४ म्हणजे ४० फूट, ५ म्हणजे साडेनऊ फूट उंची. ४५जी१ म्हणजे ४० फुटी हाय-क्यूब. खऱ्या ४५ फुटी कंटेनरचा कोड एल या अक्षराने सुरू होतो. तुमच्या माणसाला हे माहीत नव्हतं, याबद्दल माझा त्याच्यावर राग नाही. त्याला कुणी शिकवलंच नसणार. पण पाऊण तास तो मला "सर, ४५ आहे, ४५ आहे" म्हणत राहिला आणि तिकडे ट्रकच्या खोळंब्याचं मीटर चालू होतं. तेही ९० युरो माझ्याच बिलात आले आहेत.

प्रश्न नुसत्या लांबीचाही नाही. युरो पॅलेट १२० बाय ८० सेंटिमीटरचं असतं. दोन पॅलेट आडवी शेजारीशेजारी ठेवली की २ मीटर ४० होतात. पॅलेट-वाइड कंटेनरची आतली रुंदी २ मीटर ४४ असते, म्हणून ती बसतात. साध्या कंटेनरची रुंदी २ मीटर ३५. तीन बोटांचा फरक, पण त्या तीन बोटांपायी सगळी मांडणी मोडते. एक पॅलेट उभं, एक आडवं असं करत फोरमनने कशीबशी २५ पॅलेट कोंबली. आठ मागे राहिली. कुठली मागे ठेवायची हे मला फोनवर दहा मिनिटांत ठरवायला लागलं. खायचा माल आधी जाऊ दे म्हणून मी पणत्या, रांगोळी, उटणं, आकाशकंदील मागे ठेवले. ती आठ पॅलेट डब्लिनला ३ नोव्हेंबरला पोचली. तोवर तुळशीची लग्नं लागायला लागली होती.

तुमचं उत्तर असं की, "कंटेनर तुम्ही भरलात, म्हणजे तुम्ही तो स्वीकारलात." भरला नसता तर ती सेलिंग हुकली असती आणि पुढच्या आठवड्याची जागा तुम्ही कबूल करत नव्हता. याला स्वीकारणं म्हणत नाहीत. आणि ज्या सेलिंगसाठी मी हे केलं, ती सेलिंग तर नव्हतीच. ते मला नंतर कळलं.

थेट जहाजावरची माझी जागा तुम्ही २२ तारखेलाच काढून घेतली होती. कंटेनर दिलात एका खोल समुद्रातल्या लाइनच्या (महासागरापार माल नेणाऱ्या कंपनीच्या) फीडर जहाजावर, म्हणजे मोठ्या जहाजांचा माल छोट्या बंदरांना पोचवणाऱ्या लहान जहाजावर. त्यांचे कंटेनर साधे ४० फुटी असतात, म्हणून मला ४० फुटी आला. आणि ते फीडर रॉटरडॅमहून आधी इंग्लंडमध्ये फेलिक्सस्टोला जाऊन, तिथे दुसरा माल चढवून-उतरवून, मग डब्लिनला येणार होतं. यातलं एक अक्षरही मला कुणी कळवलं नाही. जहाजाचं नाव ट्रॅकिंगवर बदललेलं दिसलं तेव्हा मी विचारलं, तर उत्तर आलं, "ऑपरेशनल कारण आहे सर, काळजी करू नका."

काळजी का करावी लागते, ते सांगतो. युरोपीय संघातला माल जमिनीवरून एका देशातून दुसऱ्यात गेला तर कुणी विचारत नाही. समुद्रात शिरला की नियम उलटा होतो. बंदरात उतरलेला माल बाहेरचाच धरला जातो, तो संघातला आहे हे आपण दाखवायचं. यातून सुटका मुख्यतः दोन प्रकारांनी होते. एक तर जहाज कस्टम्सने मान्य केलेल्या नियमित फेरीचं हवं, जी मधे संघाबाहेरच्या बंदरात थांबत नाही. तुमच्या कोटेशनमधलं जहाज तसं होतं. नाहीतर माल संघातलाच आहे असा टी-टू-एल नावाचा दाखला हवा. मालाची किंमत १५ हजार युरोंच्या आत असती तर इनव्हॉइसवर भागलं असतं, पण माझा माल त्याच्या वरचा.

तो दाखला आता कागदावर नाही, ऑनलाइन सिस्टीममध्ये काढायचा असतो. रॉटरडॅममध्ये कंटेनर निघण्याआधी काढला असता तर फार वेळ लागला नसता. पण फेलिक्सस्टो मधे आहे हेच मला किंवा माझ्या आयातदाराला माहीत नव्हतं, तर दाखला काढणार कोण आणि कशासाठी? जहाज ६ ऑक्टोबरला डब्लिनला लागलं आणि कस्टम्सने कंटेनर धरला. त्यांची काही चूक नाही. पोत्यापोत्यावर 'प्रॉडक्ट ऑफ इंडिया' छापलेलं, जहाज इंग्लंडहून आलेलं. दाखला आणा, नाहीतर ड्युटी भरा आणि तीळ पुन्हा तपासणीला पाठवा. एकाच तिळावर दोनदा.

टी-टू-एल मागाहूनही मिळतो, पण त्याला नेदरलँड्सच्या कस्टम्सला बिल ऑफ लेडिंग (वाहकाने दिलेली माल घेतल्याची पावती) आणि मार्गाचा तपशील द्यावा लागतो. हे दोन्ही तुमच्याकडे. मी ७ ऑक्टोबरला मागितले. तुम्ही दिले १४ ला. पाच कामाचे दिवस एका पीडीएफसाठी, आणि तीही आधी दुसऱ्याच कुणाच्या कंटेनरची आली. (ती मी लगेच डिलीट केली. त्या गृहस्थांच्या टाइल्स सुखरूप पोचल्या असतील अशी आशा आहे.) कंटेनर सुटला २० ऑक्टोबरला. त्या दिवशी नरकचतुर्दशी होती. घरात पोरं उटणं नाही म्हणून साबणाने आंघोळ करत होती आणि मी पहाटे सहाला बंदराच्या गेटबाहेर ट्रकमध्ये बसलो होतो.

बंदरातले चौदा दिवस, त्यातले पाच मोफत, उरलेल्या नऊ दिवसांचे दिवसाला ९५ युरोंप्रमाणे ८५५ युरो डेमरेज तुम्ही मला लावलं आहे. ज्या दाखल्याची गरज तुमच्यामुळे निर्माण झाली, ज्याचे कागद तुम्ही आठवडाभर अडवले, त्या खोळंब्याचं भाडं मी भरायचं? हे भरणार नाही.

आता भिजलेला माल. सील तोडून दारं उघडली तेव्हाच कुबट वास आला. मागच्या बाजूला, छताच्या डाव्या कोपऱ्याखाली, चार पॅलेटांचे खोके खालपर्यंत ओले होते. पोह्यांच्या पिशव्या बाहेरून ठीक दिसत होत्या, हात लावला तर आत गोळे. रव्याला हिरवट बुरशी. त्याच दिवशी दुपारी फोटोंसकट मी लेखी कळवलं. तुम्ही म्हणालात, कंटेनरला घाम फुटतो, मालातलाच ओलावा वर जाऊन छतावर साठतो आणि ठिबकतो, पॅकिंग तुमचं, जबाबदारी तुमची.

घाम फुटतो हे मलाही माहीत आहे. पण घाम एका कोपऱ्यात फुटत नाही. म्हणून पाडव्याच्या दिवशी मी स्वखर्चाने सर्व्हेयर आणला. त्याच्या पेटीत सिल्व्हर नायट्रेटची छोटी बाटली होती. मीठ असेल तिथे ते पांढरं पडतं. पापडाच्या खोक्यांना त्याने हातच लावला नाही, कारण पापडात मीठ असतंच. पोह्यांचा ओला पुठ्ठा फाडून त्यावर दोन थेंब टाकले, आणि पुठ्ठा दुधासारखा पांढरा झाला. मग कोपऱ्यातल्या भिंतीवर गंजाचा ओघळ होता तिथे टाकले. तिथेही पांढरं. कोरड्या बाजूच्या भिंतीवर काहीच नाही. घामाचं पाणी गोडं असतं, महोदय. हे समुद्राचं पाणी होतं. वर चढून बघितलं तर छतावर जुना पत्र्याचा पॅच, त्याचं सीलंट सुटून कड उठलेली. खाली आम्ही आत शिरून दारं लावून घेतली. अंधारात त्या कडेला नखाएवढी उजेडाची रेघ दिसत होती. भरताना गोदामवाल्यांनी हीच परीक्षा केली होती, तेव्हा उजेड दिसला नव्हता. म्हणजे पॅचने प्रवासात दगा दिला. तो कंटेनर कुणी निवडला, हे वर आलंच आहे.

तुमच्या शेवटच्या ईमेलात लिहिलंय की भरपाई झाली तरी 'एका पॅकेजच्या मर्यादेपुरती' होईल आणि तुमच्या हिशोबाने अख्खा कंटेनर म्हणजे एक पॅकेज. बिल ऑफ लेडिंग तुम्हीच दिलंय, एकदा वाचा. त्यावर '२५ पॅलेट' असं मोजून लिहिलं आहे. हेग-विस्बी नियमांत (समुद्रातून माल नेणाऱ्याची जबाबदारी ठरवणारे आंतरराष्ट्रीय नियम) बिलावर जेवढे नग मोजलेले असतील तेवढे नग धरतात. शिवाय मर्यादा नगामागे ६६६.६७ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबाचं एकक) किंवा वजनाच्या किलोमागे २ एसडीआर, यातली जी जास्त असेल ती. माझे पोहे किलोला तेवढे महाग नाहीतच. त्यामुळे मर्यादेचा प्रश्न इथे येतच नाही, पूर्ण किंमतच द्यावी लागेल. बाहेरून न दिसणाऱ्या नुकसानीची सूचना तीन दिवसांत द्यायची असते, मी पहिल्याच दिवशी दिली. दाव्याला वर्षभराची मुदत असते, पण तेवढं थांबायची माझी इच्छा नाही.

तुमच्या अटींत 'वाहक कोणताही मार्ग घेऊ शकतो' असं बारीक अक्षरांत आहे. असेल. मग 'थेट सेलिंग' हे मोठ्या अक्षरांत कशाला लिहिलंत, आणि त्याचा दर कशाला घेतलात?

जाता जाता एक बारीक गोष्ट. बिलात ईटीएस अधिभार आहे, म्हणजे २०२४ पासून युरोपीय संघात जहाजांच्या कार्बन उत्सर्जनावर लागतो तो. तो तुम्ही युरोपीय बंदर ते युरोपीय बंदर या दराने लावला आहे. त्या दरात प्रवासाचं सगळं उत्सर्जन धरतात. एक टोक संघाबाहेर असेल तर निम्मंच धरतात. फेलिक्सस्टोमुळे या प्रवासाचे दोन्ही टप्पे निम्म्यातच येतात. रक्कम ३१ युरो आहे, मोठी नाही. पण मार्ग बदलला हे कस्टम्सला कळतं, मला भोगावं लागतं, आणि फक्त तुमच्या बिलिंगलाच कळत नाही, हे जरा विचित्र वाटतं.

तेव्हा माझं म्हणणं असं: ८५५ युरोंचं डेमरेज आणि ट्रकच्या खोळंब्याचे ९० युरो रद्द करा. भिजलेल्या चार पॅलेटांची इनव्हॉइसप्रमाणे किंमत आणि सर्व्हेयरची फी द्या. मागे राहिलेल्या आठ पॅलेटांचं मी वेगळं भरलेलं भाडं परत करा, कारण ३३ पॅलेटांचं भाडं तुम्ही आधीच घेतलं होतं. ईटीएसची दुरुस्ती करा. आकडे, फोटो आणि सर्व्हेयरचा अहवाल सोबत जोडला आहे. उत्तर १ डिसेंबरपर्यंत हवं, आणि ते ज्याने कोटेशन वाचलंय अशा माणसाचं हवं.

भिजलेली चार पॅलेट मी अजून टाकलेली नाहीत. तुमच्या विमावाल्यांना बघायची असतील तर गोदामात वेगळी ठेवली आहेत. त्यांनी या महिन्याच्या आत यावं, कारण बाकीचा माल ठेवायला मला ती जागा लागते, आणि पणत्यांची आठ पॅलेट आता पुढच्या दिवाळीपर्यंत तिथेच राहणार आहेत.

आपला,
एक ग्राहक, डब्लिन

(नवी मुंबईच्या मॅडमना: भाषांतर करताना 'कुबट' या शब्दाशी अडलात तर ९ क्रमांकाचा फोटो लावा.)