पट्ट्याचा रंग विचारण्याआधी तासभर सराव पाहा

संपादक महोदय,

मुलाला कराटेच्या वर्गात घालायचे ठरले की पालकांचा पहिला प्रश्न असतो, 'ब्लॅक बेल्टला किती वर्षे लागतील?' वर्ग चालवणारेही एक आकडा सांगून मोकळे होतात आणि पुढे तो आकडा गाठण्यासाठीच परीक्षा उरकल्या जातात. आमची विनंती अशी, की पैसे भरण्याआधी एक पूर्ण तास बसून सराव पाहावा. मोठेपणी शिकायला येणाऱ्यांनीही पाहावा.

कराटेच्या मानाने पट्टे नवे आहेत. जपानमधील ओकिनावा बेटावर कराटेगुरू इतोसु आंको यांनी १९०० नंतरच्या पहिल्या दशकात शाळांमधून कराटे शिकवायला सुरुवात केली, तेव्हा पट्टे नव्हते. कराटेगुरू गिचिन फुनाकोशी यांनी १९२२ मध्ये टोकियोत प्रात्यक्षिक केले आणि १९२४ मध्ये पहिल्या डान, म्हणजे ब्लॅक बेल्टच्या, श्रेण्या दिल्या. ही पद्धत त्यांनी जिगोरो कानो यांच्या ज्युदोतून घेतली. पट्ट्याला आमचा विरोध नाही. पण त्याच्या घाईत आधी बळी जातो तो किहोनचा, म्हणजे पायाभूत सरावाचा.

साधी मूठ घ्या. चारही बोटे आधी पेरांत, मग तळव्यात घट्ट दुमडायची आणि अंगठा बाहेरून पहिल्या दोन बोटांवर आडवा ठेवायचा. अंगठा आत राहिला तर ठोसा बसताच तोच दुखावतो. मार बसायला हवा तर्जनी आणि मधल्या बोटाच्या गाठींचा, तोही मनगट सरळ ठेवून. तो करंगळीच्या बाजूला सरकला की करंगळीमागचे हाड मोडू शकते. कोपर बरगडीला घासत पुढे जावे, दुसरा हात त्याच वेळी कमरेशी ओढला जावा. बहुतेक मुलांचा खांदा वर चढतो आणि कोपर बाहेर फाकते. 'जोरात मार' असे ओरडून ते सुधारत नाही. वेग निम्मा केला की सुधारते. हवेत ठोसे मारताना कोपर खटकन पूर्ण ताठ होत असेल तर काही दिवसांत सांधा दुखू लागतो, त्यामुळे हात किंचित आधी थांबवायला शिकवावे लागते.

तीच गोष्ट झेनकुत्सु दाचीची, म्हणजे पुढचा गुडघा वाकवून लांब उभे राहण्याच्या पवित्र्याची. लांबी साधारण दोन खांद्यांएवढी, रुंदी एका खांद्याएवढी, भार पुढे ६० आणि मागे ४० टक्के. दोन्ही पाऊले एका रेषेत आली की बाजूने हलका धक्का दिला तरी तोल जातो. पुढचा गुडघा आत पडला तर ताण थेट सांध्यावर येतो. गुडघा पायाच्या बोटांच्या दिशेनेच वाकला पाहिजे. मावाशी गेरी, म्हणजे बाजूने वळवून मारायची लाथ, मारताना टेकलेल्या पायाची टाच वळली नाही, तर सगळा पीळ त्याच गुडघ्याला बसतो. चांगला शिक्षक लाथ किती उंच गेली याआधी ती टाच पाहतो.

काता, म्हणजे ठरावीक हालचालींची मालिका, पाहताना जमिनीवरची सुरुवातीची जागा लक्षात ठेवा. हेइआन शोदान या कातामध्ये २१ हालचाली आहेत आणि ती सुरू झाली तिथेच संपते. पुढे जाताना तीन आगे उके, म्हणजे हात वर नेऊन केलेले बचाव, परतताना तीन ठोसे. ठोशाच्या जोमात पाऊल लांबते, म्हणून मूल खुणेच्या मागे जाऊन थांबते. खडूची एक फुली मारली तर चूक त्याला स्वतःलाच दिसते, कुणी रागवावे लागत नाही. ज्या वर्गात ही फुली मारतात, तिथे मुलाला निर्धास्तपणे घाला.

सामूहिक दोजोची, म्हणजे सरावाच्या वर्गाची, खरी कसोटी जोडीच्या सरावात लागते, कारण तिथे आठ वर्षांचे मूल, कॉलेजचा विद्यार्थी आणि पन्नाशीची गृहिणी एकाच रांगेत असतात. सानबोन कुमितेमध्ये हल्ला करणारा तीन पाऊले पुढे येत तीन ठोसे मारतो, समोरचा मागे सरत अडवतो आणि शेवटी उलट ठोसा देतो. इथे नेहमी बिघडते ते अंतर. जोडीदाराला लागू नये म्हणून हल्ला करणारा मुद्दाम एक वीत अलीकडे थांबतो किंवा ठोसा कानाच्या बाजूला काढतो. दिसायला ही माणुसकी, पण समोरचा न अडवताही वाचतो आणि अडवायला कधीच शिकत नाही. ठोसा हनुवटीच्या रेषेतच यावा, वेग मात्र समोरच्याला झेपेल एवढाच असावा. तपकिरी पट्ट्याचा विद्यार्थी पांढऱ्या पट्ट्यासमोर वेग कमी करतो पण रेष सोडत नाही, हे दिसले तर तो वर्ग चांगला चालला आहे असे खुशाल समजा.

काही गोष्टी मात्र दिसल्या तर उठून यावे. शिक्षा म्हणून बसून बदकचाल, लहान मुलांना मुठी टेकवून दंड मारायला लावणे, पाय फाकवून बसलेल्या मुलाच्या पाठीवर वरून दाब. वाढत्या वयातल्या सांध्यांशी असा खेळ करू नये. सुरुवातीची १० ते १५ मिनिटे हालचालीने अंग गरम करावे. ताण देऊन थांबण्याचे प्रकार शेवटी घ्यावेत. मॅटच्या फटीत पायाची बोटे अडकतात, त्या फटी दर वेळी जुळवून घ्याव्यात. वाढलेली नखे, अंगठ्या, कानातले चालणार नाही. डोक्याला मार लागून गरगरले, तर मूल 'मी ठीक आहे' म्हणाले तरी त्या दिवशी त्याला पुन्हा उभे करायचे नाही. उलटी, वाढती डोकेदुखी किंवा गोंधळलेपणा दिसल्यास लगेच डॉक्टरकडे न्यावे.

परीक्षा घेणाऱ्यांनाही एक विनंती. तयारी नसलेल्या मुलाला पट्टा देऊ नका, पण का दिला नाही हे नेमके लिहून द्या: 'डावा गुडघा आत पडतो', 'ओढणारा हात कमरेपर्यंत येत नाही', 'वळताना टाच उचलते'. 'अजून सराव हवा' एवढाच शेरा घेऊन घरी गेलेल्या मुलाने दुसऱ्या दिवशी सराव तरी कशाचा करायचा?

आपले,
सामूहिक कराटे वर्गांतील काही प्रशिक्षक