‘दुर्लक्ष कर’ हा सल्ला पुरे झाला

मा. संपादक,
स.न.वि.वि.

एडीएचडी (लक्ष टिकवणं आणि चंचलपणा आवरणं अवघड जातं अशी मेंदूची जडणघडण) म्हटलं की एका जागी न बसणारा मुलगा डोळ्यांसमोर येतो. पण आवाज, उजेड, वास, स्पर्श यांच्या एकदम होणाऱ्या माऱ्याने यातली बरीच मुलं आणि मोठी माणसं हैराण होतात, त्याबद्दल फारसं बोललं जात नाही. माझ्या मुलीला एडीएचडी आहे, म्हणून हे पत्र.

ती अभ्यासाला बसली की पंख्याची कुरकुर, पलीकडच्या खोलीतला टीव्ही, मानेला टोचणारं कपड्याचं लेबल हे सगळं तिला समोरच्या पानाइतकंच ठळक जाणवतं. बिनमहत्त्वाचं बाजूला सारण्याचं काम इतरांचा मेंदू परस्पर उरकतो. तिला ते मुद्दाम करावं लागतं आणि त्यातच ती दमून जाते. शाळेत दिवसभर कसंबसं धरून ठेवलेलं अवसान घरी एखादं भांडं पडल्यावर सुटतं. ती कान दाबून धरते, ओरडते, रडते. बघणाऱ्याला वाटतं, एवढ्याशा आवाजाचं एवढं काय! पण ते दिवसभराचं साचलेलं असतं. अशा वेळी तिला ‘दुर्लक्ष कर’ असं सांगतात. तेच तर तिला जमत नाही! झोप कमी झाली असेल किंवा भूक लागली असेल तर आणखीनच अवघड. तेव्हा समजावत बसू नये, जाब तर मुळीच विचारू नये. दिवा मंद करावा, आवाज बंद करावा आणि तिला तिचा वेळ द्यावा.

डीएसएम-५ या निदान-पुस्तिकेने २०१३मध्ये ऑटिझमच्या (स्वमग्नतेच्या) निकषांत संवेदनांच्या या त्रासाचा समावेश केला. एडीएचडीच्या निकषांत मात्र आजूबाजूच्या गोष्टींनी लक्ष विचलित होतं, एवढंच आहे. त्यामुळे तपासणीत याबद्दल विचारतीलच असं नाही. पालकांनी आपणहून सांगावं.

वर्गात दारापासून लांबची जागा, इयरप्लग वापरायची मुभा, गरज पडल्यास पाच मिनिटं बाहेर जाऊ देणं, यात शाळेचा खर्च जवळपास काहीच नाही. तरी काही शिक्षकांना हे लाड वाटतात, याचं फार वाईट वाटतं. मोकळ्या, गजबजलेल्या ऑफिसांत काम करणाऱ्या मोठ्यांनाही हेडफोनवरून टोमणे ऐकावे लागतात. परीक्षेसाठी शांत खोली तरी शाळांनी पालकांच्या अर्जाची वाट न पाहता द्यावी, अशी कळकळीची विनंती.

– एक पालक