खानापूरची माती आणि तुसाची राख

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या पत्रव्यवहारात एका वाचकांचं पत्र आलं होतं. परदेशवारी म्हणजे पैशाची हौस, कला आपल्या मातीतच उगवते, असं त्यांचं म्हणणं. मी खानापूरचा कुंभार. चाळीस वर्षं हात मातीतच आहेत, म्हणून लिहावंसं वाटलं.

संक्रांतीला सुगडं, उन्हाळ्यात माठ, दिवाळीला पणत्या, मधल्या दिवसांत नर्सरीवाल्यांच्या कुंड्या. गेली सात-आठ वर्षं हेच चाललं होतं. धंदा बरा होता, पण नवं काही सुचत नव्हतं. मुलगा म्हणायचा, "बाबा, तुम्ही डोळे झाकून माठ काढता." तो कौतुकानं म्हणायचा, मला मात्र ते लागायचं.

मुलगी टोकियोत नोकरीला आहे. तिनं मला आणि हिला पाच आठवडे बोलावून घेतलं. एका रविवारी तिनं आम्हाला माशिकोला नेलं. टोकियोच्या उत्तरेला, तोचिगी प्रांतातलं हे कुंभारांचं गाव. तिथली माती भरड, नखऱ्याची नाही. पूर्वी तिथं स्वयंपाकघरातली साधी भांडीच व्हायची. शोजी हमादा नावाचे कुंभार १९२० साली इंग्लंडला गेले, तिथं तीनेक वर्षं काम केलं आणि परत आल्यावर मोठं शहर न धरता या गावात येऊन राहिले. १९५५ मध्ये जपान सरकारनं त्यांना देशाचा जिवंत ठेवा मानलं. ते काठीनं फिरवायच्या चाकावर काम करायचे, हे कळलं आणि मला आमचं परसू आठवलं. विजेचं चाक आल्यापासून माझ्या वडिलांचं काठीचं चाक तिथं भिंतीला टेकून पडलंय.

एका कार्यशाळेत पैसे भरून मीही बसलो. चाक सुरू झालं आणि हात अडले. माझं चाक घड्याळाच्या उलट फिरतं, त्यांचं घड्याळाप्रमाणे. गोळा मधोमध बसेना. डावा हात बाहेर, उजवा आत घ्यायचा, तर बोटांना काही कळेना. शिकवणाऱ्या आजीबाईंनी माझा पंजा धरून मातीवर ठेवला, जसा वडिलांनी मी सहा वर्षांचा असताना ठेवला होता. तासाभरानं एक वाकडी वाटी निघाली. पण त्या तासात मातीचा एकेक कण बोटाला जाणवत होता. इतकं लक्ष देऊन मी शेवटचं कधी बसलो होतो, आठवत नाही.

तिथंच एक पांढरं, सायीसारखं दाट ग्लेझ, म्हणजे भांड्यावरचा काचेसारखा लेप, पाहिलं. विचारलं तर भाताच्या तुसाची राख! तुसात सिलिका, म्हणजे काच बनवणारा घटक, भरपूर; त्यात लाकडाची राख आणि फेल्डस्पार नावाच्या खनिजाची पूड मिसळतात. आमच्या तालुक्यात भाताला काय तोटा? गिरणीमागं तुसाचे ढीग पडलेले असतात. त्यांच्याजवळून मी रोज जात होतो.

परतल्यावर पोतं भरून तूस आणलं, जाळलं, चाळलं. बेळगावात एका स्नेह्यांकडं गॅसची भट्टी आहे, तिथं साडेबाराशे अंशांपर्यंत नेलं. ग्लेझ वितळलं, पण भांडी बसली. पेले अक्षरशः गुडघे टेकल्यासारखे वाकले. आमची तांबडी माती इतकी आच सोसत नाही. मग उद्यमबागेतल्या फाउंड्रीवाल्यांकडून फायरक्ले, म्हणजे जास्त आच सोसणारी माती, आणून मिसळायला लागलो. सहाव्या खेपेला बशी उभी राहिली: कडेला तांबूस, मध्ये दुधाळ. त्या रात्री मला झोप आली नाही.

कारागिरांना परगावी पाठवतात ते प्रदर्शनात माल विकायला. माझी कळकळीची विनंती आहे की सीमाभागातल्या तरुण कुंभारांना, विणकरांना, चपला करणाऱ्यांना दुसऱ्या मुलखातल्या कारागिराच्या शेजारी महिनाभर बसायलाही पाठवावं. माझ्या लेकीनं तिकीट काढलं म्हणून मी गेलो. ज्याची लेक परदेशी नाही त्यानं काय करायचं?

पत्र लिहिणाऱ्या वाचकांवर माझा राग नाही. त्यांच्यासाठी एक बशी बाजूला ठेवली आहे. खानापूरला आले तर घेऊन जावी. माती इथलीच आहे.

आपला,
एक कुंभार, खानापूर (जि. बेळगाव)